तिच्या पुस्तकातले माझे पाय

जरीकाठाच्या साडीतली एक बाई खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढली, माझ्या धाकट्या बहिणीपुढं वाकली आणि म्हणाली, "ज्या पायांनी तुम्ही त्या चुन्याच्या हौदात उतरलात, त्या पायांना एकदा हात लावू द्या." सभागृहात टाळ्या पडल्या. बहिणीनं पाय मागं घेतले आणि साडी घोट्याखाली ओढली. लोकांना वाटलं, लाजली. लाजली-बिजली काही नव्हती. तिचे पाय गुळगुळीत आहेत, एक डाग नाही. ते दिसू नयेत म्हणून तिनं साडी ओढली.

हौदात मी उतरले होते. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझे पाय गुडघ्याच्या वर चार बोटं भाजलेले होते, आजही आहेत. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं टाळ्या वाजवता वाजवता मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "कुणी न्हाय."

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. बहीण शाळेत मास्तरीण होती आणि तिनं आमच्या समाजावर पुस्तक लिहिलं होतं. पंचविशीतली पोरगी. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, माइक मिळाला. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, मला राग आलाय. ते खोटं होतं. मला हेवा वाटत होता. रागात माणूस जेवत नाही, मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

काय झालं होतं ते सांगते. आमचं काम कातडी कमावायचं. चपला करणारे आमच्याकडून कातडं न्यायचे. गल्लीच्या मागं सगळ्यांच्या मालकीचे हौद होते. आधी चुन्याच्या पाण्यात कातडी टाकायची, केस सुटले की धुवायची, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात ठेवायची. हिरड्याची पोती आजऱ्याकडून यायची. साल आणि हिरडा कुटायचं काम बायकांचं. हौदाचं काम गड्यांचं.

चुन्याला एक नियम होता. हौदात नवी कळी, म्हणजे न विझवलेला चुना, टाकली की पाणी खदखदतं. म्हणून तिसरा दिवस उजाडेपर्यंत त्यात कुणी पाय घालायचा नाही, कातडी हलवायची तर लांब बांबूनं हलवायची. हा नियम आमच्यात आईच्या दुधाबरोबर मिळायचा. ज्यांनी मोडला त्यांचे पाय आम्ही बघितलेले होते.

मी अकरा वर्षांची होते, चौथीची परीक्षा नुकतीच झालेली. सकाळी कळी टाकली होती. दुपारी मी साल कुटत होते आणि गड्यांचा ओरडा ऐकू आला. पुस्तकात हौदात पडतो तो धाकटा भाऊ. आम्हाला भाऊ नव्हताच. पडली होती ती, माझी ही बहीणच. दोन वर्षांची. खदखद थांबली होती, पण वाफ येत होती. ती सरळ पाण्यात पडली नाही, वर तरंगणाऱ्या कातड्यावर पाठीवर पडली आणि ते कातडं एका बाजूनं बुडत चाललं होतं. काठावर सात-आठ गडी. "बांबू आणा, बांबू आणा," असं ओरडत होते. दोघं बांबू आणायला पळाले. बाकीचे उभे. त्यात माझा बाप होता.

मी उतरले. धाडस म्हणून नाही. अकरा वर्षांच्या पोरीला असतं काय धाडस? माझ्यावर सोपवलेली पोर पडली होती आणि आई मला मारील एवढंच डोक्यात होतं. पाणी मांडीपर्यंत आलं. आधी नुसतं गरम लागलं, मग पाय आहेत का नाहीत तेच कळेना. मी तिला काठावर ढकललं. मला कुणीतरी दंडाला धरून वर ओढलं. आईनं घागरीवर घागरी ओतल्या, मग खोबरेल, मग सरकारी दवाखाना. तिच्या पाठीवर तळहाताएवढा डाग राहिला. मी दिवाळीपर्यंत भिंतीला टेकून बसले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मला उभं राहता येत नव्हतं, आणि उभं राहता आलं तेव्हा शाळेचा विषय कुणी काढला नाही. बसून करता येण्यासारखं काम म्हणून आईनं पुढ्यात उखळ आणून ठेवलं.

तिचं मात्र सोनं झालं. मरता मरता वाचलेली पोर म्हणून तिला उन्हात पाठवायचं नाही, तिला हिरड्याच्या धुळीत बसवायचं नाही, दुधावरची साय तिला. ती रडली की बाप स्वतः उचलून घ्यायचा. माझ्या पायांकडं तो बघायचा नाही. तेव्हा मी पोर होते, मला कारण कळत नव्हतं. मला वाटायचं, पडायला मीच पाहिजे होते.

ती शाळेला गेली. पुढं ती दप्तर घेऊन, मागं मी तिचा डबा घेऊन. तिला चष्मा लागला तर घरात कौतुक. माझं लग्न कागलकडच्या एका बायको मेलेल्या माणसाशी लावलं. बघायला आले तेव्हा त्याची आई म्हणाली, "पाय काय चुलीत घालायचेत? हातानं काम करती का सांगा." माणूस वाईट निघाला नाही. पुढं आम्ही कोल्हापुरातच माझ्या माहेरच्या मागच्या गल्लीत राहायला आलो. बहीण डी.एड. झाली, नोकरी लागली, गल्लीतून निघून लांब दोन खोल्या घेऊन राहायला लागली.

तर ते पुस्तक. कार्यक्रमात तिनं मला एक प्रत दिली होती, आत 'प्रिय अक्कास' लिहून. मी ओळीखाली बोट ठेवून वाचते. चार दिवस लागले. वाईट असतं तर बरं झालं असतं. चांगलं होतं. साल भिजल्यावर येणारा वास तिनं असा लिहिला होता की मी नाकाला पदर लावला. आई उखळाशी बसून स्वतःशी बोलायची ते लिहिलं होतं. बसमध्ये आमच्या शेजारची बाई उठून दुसरीकडं बसायची ते लिहिलं होतं. मी रोज बघितलेलं सगळं तिनं शाळेला येता-जाता बघितलं आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलं. एक चूक मात्र सापडली. चुन्याचं पाणी निळसर दिसत होतं असं तिनं लिहिलंय. ते पांढरं असतं, दुधासारखं. ती चूक मी दोनदा वाचली. बरं वाटलं.

पाचव्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले.

"भाऊ कुठनं आणलास?" मी दारातच विचारलं.

"आत तरी ये की अक्का."

"भाऊ कुठनं आणलास, आन माझं पाय कुणाला इचारून घेतलंस?"

ती म्हणाली, "पुस्तकात एकच 'मी' लागतो. दोन माणसं 'मी' म्हणून बोलायला लागली की वाचणाऱ्याला कळत न्हाय. छापणारे म्हणाले तसं."

"मग तू तुझंच लिवायचं. पडलेलीचं."

"पडलेलीचं कोण वाचतंय?"

"मी वाचलं असतं."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग एकदम बोलायला लागली. "जन्मभर पडलेलीच हाय की मी! भांडी घासाय उठलो न्हाय, की तू म्हणायचीस, तुला काढलं ते याच्यासाठी व्हय? परीक्षेला निघालो, तरी तेच. नोकरी लागल्याचा पेढा दिला, तवा काय म्हणालीस? हौदातनं काढली म्हणून पेढा दिसला. पेढा घशाखाली उतरंना माझ्या. एकदा तरी काढणारी व्हावं वाटलं मला. कागदावर तरी."

ते खरं होतं. मी म्हणायचे. मी चहा टाक म्हटलं. चहात साखर जास्त पडली होती, तेही सांगितलं.

महिनाभरात पुस्तक गल्लीत पोचलं. चहाच्या गाड्यावर कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि पेटलं. बसचं, वासाचं कुणाला काही वाटलं नाही. 'गल्लीतले सगळे पुरुष काठावर उभे राहून बघत होते' या एका ओळीवर गल्ली उठली. माझा थोरला चुलता गल्लीचा म्होरक्या. वर्षानुवर्षं माझ्या दारात न आलेला माणूस, तो स्वतः आला.

"काय पोरी, बरी हायस न्हवं?" म्हणाला.

"बरी हाय. बसा."

"लोकांनी आपल्याला कवाच माणसात धरलं न्हाय. आता कुठं पोरं शिकाय लागली, तर आमची अब्रू तुझ्या भणीनं चव्हाट्यावर मांडली. आमी काय भ्याड हाय? बांबू आणाय गेलतो आमी." मग आवाज खाली आणला. "रविवारी समाजमंदिरात बसायचं ठरलंय. पुस्तक खोटं हाय म्हणून तिच्या शाळेच्या चालकांकडं अर्ज द्यायचा. खोटं बोलणारी मास्तरीण कोण ठेवतंय? तू फकस्त एवढंच सांग, की ती हौदात उतरली न्हवती. खोटं न्हाय की त्ये?"

"खोटं न्हाय."

"तुझं पाय तुला परत मिळत्याल," म्हातारा म्हणाला. माणूस अडाणी होता, पण कुठं बोट ठेवायचं ते त्याला बरोबर कळत होतं.

रविवारपर्यंत चार दिवस होते. 'ती हौदात उतरली नव्हती.' भाकरी थापताना मी ते वाक्य मनात म्हणून बघत होते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढं काय होईल तेही मला दिसत होतं. नोकरी जाईल. शाल पेटीत पडेल. ती गल्लीत परत येईल आणि माझ्याशेजारी हिरडा कुटायला बसेल. खरं सांगायचं तर ते चित्र मला आवडलं. मी ते चार दिवस बघितलं. तिच्या हाताला फोड कुठं येतील तेसुद्धा बघितलं.

पण आणखी एक गोष्ट दिसायला लागली. पुस्तक खोटं ठरलं की हौदाची गोष्टच खोटी ठरणार. ती उतरली नव्हती, मग कुणीच उतरलं नव्हतं. गडी काठावर उभे नव्हते. पुढं माझ्या पायांचं कुणी विचारलं तर चुलतीच सांगणार, चुलीवरचं आधण सांडलं असेल पोरीच्या अंगावर. गल्लीला तेच पाहिजे होतं.

रविवारी सकाळी समाजमंदिर भरलं. गडी सतरंजीवर, बायका भिंतीला. बहीण बायकांत बसली होती, पुस्तक मांडीवर. पाठीवरच्या डागावरून पदर ओढून घेतलेला. चुलत्यानं मला उभं केलं.

"सांग गं. तुझी भण हौदात उतरलती?"

"न्हाय," मी म्हटलं. "ती उतरली न्हवती."

गडी हसले. एकजण म्हणाला, "झालं की मग काम!" बहिणीनं मान वर केली नाही.

"मी उतरलते," मी म्हटलं आणि साडी गुडघ्याच्या वर उचलली.

बायकांत गलका झाला. "झाक की गं, गडी बसल्यात," चुलती म्हणाली.

"बसल्यात म्हणूनच दावते. ह्येनी बघितलंय आधी. काठावरनं." मी चुलत्याकडं वळले. "तुमी हुता. माझा बापबी हुता. तिनं बापाचं नाव वगळलंय पुस्तकात, मी वगळत न्हाय."

चुलता तांबडा झाला. "आमी उगं उभं हुतो व्हय? सकाळची कळी पडलेली. तिसऱ्या दिसाआधी हौदात पाय घालत न्हाईत, तुला ठावं न्हाय?"

"ठावं हुतं."

"मग? बांबू आणाय धाडलं हुतं की दोघास्नी!"

"आला बांबू. कवा आला ते सांगा."

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "पोर वर आल्यावर आला." तो बांबू आणायला पळालेल्या दोघांतला एक होता.

चुलत्यानं पान काढलं, चुना न लावताच खाल्लं आणि उठला. मी साडी खाली सोडली. अर्ज गेला नाही.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "पुढच्या छपाईत बदलीन मी, अक्का. तुझं नाव घालीन."

"घाल," मी म्हटलं. "आन पाणी पांढरं कर."

पुढची छपाई झालीच नाही. आहेत त्या प्रतींत अजून तीच उतरते, अजून पाणी निळं आहे. मधे एकदा एक कॉलेजची पोरगी पुस्तक घेऊन तिच्याकडं आली, तेव्हा मी तिथंच भाजी निवडत बसले होते. पोरगी तिच्या पाया पडली. बहीण म्हणाली, "माझ्या नको, हिच्या पड." पोरगी गोंधळून माझ्याही पाया पडली, पण फोटो तिच्याबरोबर काढला. हेवा वाटला. वय झालं म्हणून तो जातो असं काही नाही.

बाप पुस्तकाच्या आधीच गेला होता. आई नंतर गेली. चुलता गेला, बांबू आणणारे दोघंही गेले. हौद बुजवून वर घरं बांधली. त्या दिवशी चुन्याच्या पाण्यात आम्ही दोघी होतो, ती आणि मी. दोघी जगलो.