आनेकलला नेलेली रजई

आमच्या खाटेखाली तेव्हा राख घातलेला एक डबा असायचा. बायकोला कफ थुंकायला. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आणि त्यातलं दीड वर्ष तो डबा आमच्या संसारात होता. ताप नाही, रक्त नाही, भूक चांगली. पण सकाळी उठली की घसा खाकरायला लागायची आणि पेजेसारखा चिकट कफ पडत राहायचा. नाक तर दिवसभर वाहायचं.

माझं शिंप्याचं दुकान बेंगळूरला, चिकपेठेच्या मागे, घराच्या पुढच्याच खोलीत. आतून खाकरणं ऐकू आलं की गिऱ्हाईक माप देता देता दाराकडे बघायचं. शेजारच्या अक्कांनी तिच्यासाठी वेगळा लोटा काढून ठेवला. क्षय हा शब्द कोणी उच्चारला नाही. लोटाच बोलला.

मी चौथीपर्यंत शिकलेला, पण मला सगळं कळतं असा माझा समज. दही बंद केलं. केळं बंद, ताक बंद. दहीभाताशिवाय जिचं जेवण पुरं होत नसे ती निमूटपणे कोरडा भात खायला लागली. ओवा झाला, अडुळसा झाला, छातीला शेक झाला. शेवटी सरकारी दवाखान्यात फोटो काढला. छाती स्वच्छ.

"क्षय नाही," डॉक्टर म्हणाले. "पण काहीतरी तिला सोसत नाहीये. ते शोधा."

"शोधायचं तुम्ही," मी म्हणालो. "मी शिंपी आहे."

"मग शिंप्यासारखंच शोधा. सदरा कुठे काचतो हे गिऱ्हाईकाला विचारता ना? कफ कधी वाढतो, कुठे गेल्यावर कमी होतो, ते बघा."

कुठे गेल्यावर, याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मला आवडत नव्हतं. ती माहेरी, आनेकलला गेली की आठ दिवसांत खडखडीत बरी व्हायची. परत आली की चौथ्या दिवशी डबा बाहेर. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी सासरे मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या बेंगळूरची हवा वाईट."

"मामा, मद्रासची माणसं पैसे खर्चून इथे हवा खायला येतात! आणि आनेकल काय विलायतेत आहे? बसनं अर्ध्या दिवसात जाऊन येतो माणूस."

"येवोत. माझी मुलगी मात्र तिथे झिजते. पुढच्या खेपेला आली की मी तिला ठेवून घेणार. तुम्हाला बायको हवी असेल तर मशीन घेऊन इकडे या."

घरजावई! मी त्या दिवशी त्यांच्याकडे पाणीसुद्धा प्यायलो नाही.

आता त्या रजईचं सांगतो. लग्न ठरलं तेव्हा मी कॅन्टोन्मेंटच्या लिलावातून गोऱ्या सोजिरांचे जुने लोकरी कोट आणले होते. किती वर्षं कुठल्या गोदामात पडलेले, देव जाणे. ते फाडून, पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन, त्याची रजई भरली. वरून जांभळं साटीन, आतून मऊ अस्तर, आणि टाके सगळे हातचे. तीन महिने बसलो होतो तिच्यावर. असली रजई साऱ्या पेठेत नव्हती. येईल त्या गिऱ्हाइकाला मी ती दाखवायचो. बायको थंडीची भित्री, डोक्यावरून ओढून झोपायची. कफ सुरू झाल्यावर तर मीच रोज चारी बाजूंनी खोचून द्यायचो.

तिसऱ्या खेपेला ती आनेकलला निघाली तेव्हा संक्रांतीआधीची थंडी होती. मी हट्टानं रजई बरोबर दिली. बसच्या टपावर स्वतः बांधली.

आठ दिवसांनी मी गेलो. ती माजघराच्या दाराशी बसली होती, डोळे सुजलेले, पुढ्यात राखेचं मडकं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. "आता बोला मामा! आमची हवा वाईट ना?" असं म्हणूनही गेलो. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मामा चिडले नाहीत. म्हणाले, "हवा तीच, विहीर तीच, स्वयंपाकाचा हातही तिच्या आईचाच. दोन खेपा बरी झाली. या खेपेला घरात नवीन काय आलं?"

सगळ्यांची नजर खाटेवर गेली. साटीन चकाकत होतं.

"शक्यच नाही," मी म्हणालो. रजई उचलली, अंगणात दोरीवर टाकली, आणि तिच्यात काही नाही हे दाखवायला काठीनं हाणली. उन्हात धुरळा उठला. पिठासारखा बारीक, खाली बसेचना. पाठोपाठ पडवीत आलेल्या बायकोला शिंका सुरू झाल्या, एकामागून एक, थांबेनात. तेव्हा मला पिंजारी आठवला. तोंडाला फडकं बांधून बसला होता तो. "अण्णा, फार जुनी धूळ आहे यात. जरा चार दिवस उन्हात टाका, मग भरा." मी म्हणालो होतो, तू पिंज, शिंपीकाम मला शिकवू नको.

मी खिशातलं ब्लेड काढलं.

"अहो, फाडू नका," ती पडवीतून म्हणाली. "तीन महिने खपला होतात तुम्ही."

"तुला शंका आली होती?"

"श्रावणात दोन रात्री पायाशी सारली होती. बरं वाटलं होतं. पण तुम्ही विचारलंत, का गं, माझी रजई टोचते का? मग परत ओढून घेतली."

अंगणातच, तिच्यापासून लांब, वारा तिच्याकडे जाणार नाही असं बघून बसलो आणि माझेच टाके एकेक करून उसवले. लोकर परसात नेऊन पुरली. मामांनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला. तो मी प्यायलो.

आणखी दहा दिवसांनी मामाच तिला बसवर घेऊन आले, अंगावर साधी सुती चादर. "ठेवून जातो," म्हणाले. "बेंगळूरची हवा ठीक आहे."

त्या दुपारी मी दुकान तसंच सोडून दही आणायला गेलो. तिनं दोनदा भात घेतला. मी समोर बसून तिच्या घशाकडेच बघत होतो.

"जेवू द्या की," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी डबा बाहेर काढला. राख कोरडी होती.