सध्याचा राहण्याचा पत्ता

त्या पंधरवड्यात माझी श्रद्धा किती पातळ झाली होती, हे आधी कबूल करते. मी कोंढ्याची अंगणवाडी सेविका. सकाळी विहारात वंदना घ्यायची आणि मगच अंगणवाडीचं कुलूप उघडायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. पण माझा मुलगा प्रफुल्ल ज्या देशात वेल्डर म्हणून कामाला गेला होता, तिथं लढाई पेटली आणि विमानतळ बंद झाले. ओठांनी वंदना चालायची आणि सगळं लक्ष पदराखालच्या मोबाइलकडे असायचं. बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून मी मनातल्या मनात भांडत होते. इतकी वर्षं शील पाळलं, कुणाचं वाईट चिंतलं नाही, मग माझंच पोरगं तिथं का, असं विचारत होते. आमच्या धम्मात असं भांडायला कुणी समोर बसलेलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी भांडत होते.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. एका दुपारी मी पवनीच्या देवळात नवस बोलायला निघाले होते. आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून नवस, उतारे, अंगारे सगळं बंद झालेलं. तरी दुकानातून नारळ घेतला, पवनीच्या बसची वाट पाहत अर्धा तास उभी राहिले आणि बस आली तेव्हा पाय उचलेना. नारळ घेऊन परत आले आणि त्याची चटणी वाटली. प्रफुल्लचे बाबा सगळं समजले असणार, पण जेवताना एवढंच म्हणाले, "चटणी झकास झाली." त्यांच्या त्या न विचारण्यानं मला जास्त लाज वाटली.

प्रफुल्लचा फोन दिवसाआड यायचा, तोही फोरमनच्या मोबाइलवरून, दोन मिनिटांसाठी. "आई, मी बरा आहो. वरून जाऊन राहिले, पण दूर पडतात." काय जाऊन राहिले ते कळत असूनही मी विचारायची आणि तो विषय बदलायचा. एकदा त्यानं सांगितलं की कंपनीनं त्यांना कॅम्पमधून हलवून दुसऱ्या एका गावाबाहेर सिमेंटच्या गोदामात आणून ठेवलंय. तिथल्या फाटकाचा रंग, समोरची बंद पडलेली शाळा, गावाचं नाव हे सगळं मी विचारून विचारून डायरीत लिहून घेतलं. सर्व्हेची सवय, दुसरं काय. त्या माहितीचा पुढे उपयोग होईल असं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

मग सरकारनं जाहीर केलं की तिथल्या आपल्या माणसांना परत आणणार. गोदामातून बसनं सीमेपर्यंत, सीमेपलीकडून विमानानं दिल्ली. गावात काही जण म्हणाले, सरकारचे उपकार झाले. प्रफुल्लचे बाबा भात गिरणीत मशीन चालवतात, मोजकंच बोलतात, पण त्या दिवशी ते ठाम बोलले. "उपकार कायचे? त्याच्या पासपोर्टवर या देशाचं नाव आहे. आपला मानूस आपल्या देशानं आनायचा असते. आपन हक्कानं मागू." मला ते पटलं. आजही पटतं. आपलं माणूस परक्या मुलखात आगीत सापडलं तर त्याला बाहेर काढणं हे ज्याचं काम, त्याच्या दारात भीक मागायला जायचं नसतं. काम मागायला जायचं असतं.

तहसील कार्यालयात नातेवाइकांकडून फॉर्म भरून घेत होते. मी तो सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता भरला. बाजूच्या तिघांचे फॉर्मही मीच भरून दिले. रजिस्टरांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्या बाबतीत मला थोडा ताठा आहे.

आठवड्यानं प्रफुल्लचा फोन आला. त्याचा आवाज वेगळाच होता. "आई, बस आली होती. आमच्यातले चौघं गेले. माझं नाव यादीत नाई म्हने." बस पुन्हा येईल का, विचारलं. तो म्हणाला, "सांगतात की येईन. पन सीमा किती दिवस खुली राहीन, कोनालेच मालूम नाई." आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला जिल्हा कार्यालयात गेले. तिथं यासाठी एक खोली दिली होती, टेबल, दोन संगणक, एक बाबू. त्यानं मला पडद्यावर प्रफुल्लचं नाव दाखवलं. "हे पाहा बाई, नाव आहे यादीत. वर पाठवली आहे. येईल फोन." नाव खरंच होतं. मग तिथल्या यादीत का नाही? त्यानं खांदे उडवले. तो वाईट माणूस नव्हता. सकाळपासून शंभर जणांना तेच सांगून तो कंटाळला होता. मी दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवली, रजेचा अर्ज दिला आणि खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तोंडात तंबाखू धरून बाबू म्हणाला, "बाई, रोज येऊन काय होणार?" मी म्हटलं, "रोज आल्यावर जे होते ते."

पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी दुपारी माझं अवसान संपलं होतं. समोरच्या भिंतीवर कसल्यातरी योजनेचं पोस्टर होतं, त्यावरची अक्षरं नुसती दिसत होती, वाचता येत नव्हती. तेव्हा मी भांडणं सोडून दिलं. डोळे मिटले आणि मनातच म्हणाले, मला जे सुचत होतं ते सगळं मी केलं. आता काही सुचत नाही. मी रिकामी आहे. काही मागितलं नाही, तसं मागायची आमच्याकडे रीतही नाही. नुसती त्रिशरणाची ओळ, बुद्धं सरणं गच्छामि, तीनदा म्हटली. त्या पंधरवड्यात पहिल्यांदा माझं लक्ष मोबाइलकडे नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसलेला होता. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर पंचा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. दिघोरीकडचा ढिवर होता, तळ्याच्या मासेमारीच्या ठेक्याची तक्रार घेऊन आला होता आणि चुकून या खोलीपाशी येऊन बसला होता. त्यानं मला विचारलं, "कायले आली माय?"

मी सांगितलं. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अरेरे केलं नाही. मग पंच्यानं तोंड पुसलं आणि अगदी सहज विचारलं, "मंग आता तो झोपते कुठी?"

मी म्हटलं, "गोदामात."

"तसं लिवलं का त्या कागदावर?"

आमच्या कामात हाच पहिला प्रश्न असतो. गरोदर बाई बाळंतपणाला माहेरी आली की तिचं गाव कोणतं, हे मी आधी विचारतच नाही. ती आज रात्री कुठं झोपते, ते विचारते; तिथल्याच अंगणवाडीत तिचं नाव लागतं, आहारही तिथूनच मिळतो. नव्या सेविकांना हे मी स्वतः शिकवलेलं आहे. आणि माझ्याच पोराच्या फॉर्मवर, सध्याचा राहण्याचा पत्ता या रकान्यात, मी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: मुक्काम पोस्ट कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. कारण आपल्याला पत्ता विचारला की आपण गावच सांगतो. पोरगं सातासमुद्रापार असलं तरी आईच्या लेखी ते घरीच राहत असतं.

मी उठले आणि बाबूला बाजूला सारून सरळ आतल्या मॅडमच्या टेबलाशी गेले. नायब तहसीलदार होत्या, माझ्या प्रफुल्लच्याच वयाच्या. त्यांनी फॉर्म काढला, पडद्यावर पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, ज्यांचा सध्याचा पत्ता गावचा आहे, ते परत आले असं धरलंय वरती." म्हणजे माझा प्रफुल्ल सरकारच्या हिशेबी केव्हाच घरी पोहोचला होता. त्याला आणायला बस येणारच नव्हती.

त्या म्हणाल्या, दुरुस्तीचा मेल पाठवते, दोन दिवस लागतील. मी म्हटलं, "मॅडम, चूक माझी आहे, ते मी कबूल करते. पण लिहिलेलं बरोबर आहे का हे एकदा विचारायचं काम तुमचं होतं. तुम्ही मेल पाठवा आणि फोनही लावा. मी इथंच बसते, त्रास देणार नाही. पण उठणार नाही." आवाज चढवला नव्हता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. एक लागला नाही, दुसरा लागला. त्यांनी दिल्लीपर्यंत पिच्छा सोडला नाही. मी डायरीतून गावाचं नाव, फाटकाचा रंग, बंद शाळा वाचून दाखवत होते आणि त्या पलीकडे सांगत होत्या.

बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, म्हातारा मासेमारीवाल्या ऑफिसात गेला. मी तिकडे धावले, तिथंही तो नव्हता. त्यानं माझ्या पोराची चौकशी केली आणि मी त्याच्या तळ्याबद्दल एक शब्द विचारला नाही, ही रुखरुख माझ्या मनात कायमची राहिली आहे.

घरी सांगितल्यावर प्रफुल्लचे बाबा म्हणाले, "यात का चमत्कार आहे? म्हातारा मानूस, इचारलन." मी म्हटलं, "मी कुठं चमत्कार म्हणते? पण तीन दिवस त्या बाकावर माझ्याजवळ कोणी नाही बसलं आणि मी भांडण सोडल्यावरच तो काहून बसला, एवढं सांगा." ते म्हणाले, "तू भांडत असताना तुझ्याजवळ कोन बसन?" कदाचित त्यांचंच बरोबर असेल.

त्या संध्याकाळी मला दुसरी गोष्ट छळू लागली. बाजूच्या तिघांचे फॉर्म मीच भरले होते. आणि जी चूक मी केली ती जिल्ह्यातल्या किती घरांनी केली असेल! सकाळी पहिल्या बसनं मी पुन्हा मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले. "प्रफुल्लचं झालं. बाकीच्यांचं मला करू द्या. विचारायचं कसं, ते मला येतं." त्यांनी खुर्ची दिली, यादी दिली. दोन दिवस मी आणि तो बाबू घरोघरी फोन लावत होतो. तोही आता खांदे उडवत नव्हता. बहुतेक सगळ्यांनी गावचाच पत्ता लिहिला होता. एकच घर लागेना, तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचं. फोन बंद, शेजाऱ्याचा नंबर चुकीचा.

तेवढ्यात प्रफुल्ल सीमा ओलांडून दिल्लीला पोहोचल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी भंडारा रोडला यायची होती. प्रफुल्लचे बाबा नवा शर्ट घालून सकाळीच तयार झाले. मी म्हटलं, "तुम्ही स्टेशनवर जा. मी नाकाडोंगरीला जाऊन येते." ते म्हणाले, "डबा घेऊन जाय."

नाकाडोंगरीत त्या मुलाची आई घराच्या ओसरीत मोहफुलं निवडत बसली होती. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचा आला का?"

"येऊन राहिला आज. स्टेशनवर."

"मंग तुमी इथी काहून?"

मी डायरी उघडली. तिला मुलाच्या जागेचं नाव सांगता येत नव्हतं, पण धाकट्या मुलीच्या वहीत त्यानं पाठवलेला पत्ता होता. तो तिथूनच मॅडमना फोनवर वाचून दाखवला.

संध्याकाळी घरी पोहोचले तर प्रफुल्ल दारात खाटेवर बसला होता. वाळला होता, दाढी वाढली होती. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला वाढलं. तो थोडा रुसला होता. "आई, तू स्टेशनवर काहून नाई आली?" मी सांगितलं. तो घास चिवडत म्हणाला, "त्याले तरी मिळाली का बस?" मी म्हटलं, "अजून नाही." माझ्या डोळ्यांत तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता. शेजारच्या बाया म्हणाल्या, काय कडक आई आहे.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. नाकाडोंगरीची आई होती. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून ओरडून बोलत होती, दूरच्या माणसाशी बोलावं तशी. "बाई, पोरगं बसमंधी बसलं. आत्ताच बोलला. बसलं बाई, बसलं."

मी पळी तशीच पातेल्यात सोडली आणि भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या पोराच्या वेळी न आलेलं सगळं रडू तेव्हा आलं. मुलं जेवायची थांबून माझ्याकडे पाहत होती. मदतनीस बाई घाबरून विचारत होती, काय झालं, काय झालं. मी हात जोडले, त्या म्हाताऱ्याला, त्या मॅडमला, फोन लावून लावून कान लाल झालेल्या त्या बाबूला आणि ज्याच्यासमोर इतके दिवस भांडले त्या शांत मूर्तीला. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं असं मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटतं, शरण गेलेल्या माणसाचे हात मोकळे होतात, मग ते कुणाच्याही कामाला लावता येतात. मी डोळे पुसले, उठले आणि राहिलेल्या मुलांना खिचडी वाढली.