पंप फिरवला तेव्हा

तापात माझ्या नवऱ्याचे कान गेले. तोवर चौसाळ्यात आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चांगलं चाललं होतं. बरे झाल्यावरही ते घरातच बसू लागले. "इंजिन ऐकूच येत न्हाई, तर हात कुठं घालू?" म्हणायचे.

ऊसतोडीच्या हंगामाआधी नांदूरघाटचं एक जुनं गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन थेट दारात आलं. मला म्हणालं, "वैनी, लई काळा धूर मारतोय. चढाला दम सोडतो, डिझेल बी लई पितो. दुसरीकडं नोझल साफ केले, फिल्टर बदलला, फरक न्हाई."

मी ह्यांना खुणांनी सांगायला लागले, पण त्यांनी धूर पाहिलाच होता. "टायमिंग मागं गेलंय. डिझेल उशिरा पडतंय," ते म्हणाले. मग इंजिनाकडं बघत, "जास्त पुढं घेतलं तर इंजिन ठोकतं. ते मला कसं कळणार?"

मी कानाला हात लावला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. का ठेवलं, मलाच माहीत नाही. गॅरेज घराला लागून होतं, भाकरी थापताना इंजिनांचे आवाज कानावर पडायचे, एवढंच.

इंजिन बंद करून त्यांनी डिझेल पंपाचे नट सैल केले, पंप केसभर फिरवला, नट आवळले आणि इंजिन चालू केलं. आवाज साधाच होता. ठोकत नाही, असं मी मानेनं सांगितलं. पुन्हा बंद, पुन्हा फिरवला. धूर विरळ झाला. त्यांना अजून थोडं पुढं हवं होतं. या खेपेला मात्र खिळ्यावर हातोडी पडावी तशी टणटण ऐकू आली. मी हात वर केला.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

मी हात खाली घेतला नाही. त्यांनी पंप किंचित मागं आणला. टणटण गेली.

"मोकळा नको, ट्रॉली भरून चढावर घाला," म्हणत ते स्वतःही ट्रॅक्टरवर बसून गेले. मी अंगणात थांबले. दुसरं काम सुचेना.

तासाभरानं दोघं परतले. "गिअर न पाडता चढला, वैनी. धूर बी नावाला," गिऱ्हाईक म्हणालं.

हे हातपाय धुऊन आत आले. "उद्यापासून सैपाक लवकर आटपत जा," म्हणाले. "तू असशील तर गॅरेज उघडतो."

"बरं," मी म्हणाले. मग लक्षात आलं, आणि मान हलवली.