रहिमाबीच्या ओवीतलं नाव

आज गिरणीत ज्वारीच्या गरम पिठाचा वास आला आणि रहिमाबी आठवली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवर मास्तर होतो आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायचो. पिंजाऱ्याची रहिमाबी दळता दळता गायची. एका ओवीत ती तीन वर्षं ईदेला न आलेल्या भावाला बोलवत होती. मधेच जातं थांबवून म्हणाली, "मास्तर, दस्तगीरचं नाव नीट लिवा. तुम्ही लोहाऱ्याला जाता नव्हं? त्याला वाचून दावा."

मी हो म्हणालो. लोहाऱ्याला पुष्कळदा गेलो, पण दस्तगीरच्या दारी कधीच गेलो नाही. तिनं निरोप धाडला होता आणि मी तो ओवी समजून घरी नेला. पुस्तक छापताना तर नावही काढलं. ओवी सगळ्यांची वाटावी म्हणून तिथं नुसतं 'भाऊराया' घातलं.

पुस्तक घेऊन वाडीवर गेलो, तेव्हा दस्तगीर वारून महिना झाला होता. रहिमाबीनं पुस्तक मांडीवर घेतलं. "ह्यात कुठं हाय त्याचं नाव?"

मी 'भाऊराया'वर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.