नळाला मुंग्या येतात का?

फोन आला तेव्हा लॅबमध्ये अलार्म वाजत होता. गीझरच्या कॉइल आम्ही मुद्दाम दमट, कोंदट हवेच्या एका कपाटात डांबून ठेवतो, त्यातल्या एकीची गळती मर्यादेबाहेर गेली होती, आणि त्या कर्कश आवाजात पलीकडचं काही केल्या ऐकू येईना. मी बटण दाबून अलार्म बंद केला. मग ऐकलं. "अंबुजा गेली रे," कमला अक्का म्हणाल्या. अंबुजाबाईंच्या थोरल्या बहीण. "सकाळीं कॉफी घेतली, पेपर दे म्हणाली, आणि मी पेपर घेऊन येतें तों..." मी फोन कानाला धरून उभा, आणि अशा वेळी पहिला विचार काय यावा? की आपण अलार्म का वाजला हे न बघताच तो बंद केला, आणि आता बाई फाडून खाणार! "आवाज नको तर लावलास कशाला? शोभेला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकवायला त्या आता नव्हत्या.

त्याला काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर आठवणी निवांतपणे येतात असं लोक लिहितात, माझं तसं काही झालेलं नाही. मी चिडचिडा झालो आहे. बायको, मुग्धा, म्हणते की तू घरात नुसत्या फेऱ्या मारतोस. मारतो. बाईंची एक गोष्ट अर्धवट राहिली आहे आणि ती माझ्या टेबलावर येऊन पडली आहे. पण ती सांगायची तर आधी बाईंबद्दल सांगायला हवं.

अंबुजाबाई आमच्या कंपनीत सुरक्षा चाचणीच्या प्रमुख होत्या. चेन्नईत पेरुंगुडीच्या काचेच्या उंच इमारतींमागे आमची बुटकी लॅब आहे. तिथे आम्ही गीझरमध्ये बसवायचं एक छोटं सर्किट बनवतो. ते पाणी तापवत नाही, तापवणाऱ्या कॉइलवर नजर ठेवतं आणि काही बिघडलं की वीज तोडतं. मी सांगलीहून इथे इंटरव्ह्यूला आलो, इंग्रजीत प्रश्नोत्तरं चालली होती, आणि माझ्या आडनावावर बोट ठेवून बाई एकदम म्हणाल्या, "तुमचें गांव कोणतें?" मी चपापलो. समोर सुती साडी, केसांत मोगरा, कपाळावर विभूती, आणि तोंडात पोथीतलं मराठी! पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात काढून वडिलांच्या नोकरीपायी इथे एग्मोरला आलेलं त्यांचं घर. मी सांगलीचा म्हटल्यावर त्यांनी माझं नावच सांगली ठेवलं, आणि ते सगळ्या लॅबने उचललं. माझी आई एकदा फोनवर त्यांच्याशी बोलली आणि मला म्हणाली, तुझ्या बाईंचं मराठी तुझ्यापेक्षा चांगलं आहे. बाईंनी हे वाक्य पुढे वर्षानुवर्षं वापरलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कॉइल करवतीनं कापून माझ्यापुढे ठेवली. आत वेटोळी तार, बाहेर धातूची नळी, आणि दोन्हींच्या मधे ठासून भरलेली पांढरी पूड. "ही पूड ऊब बाहेर सोडते आणि वीज आंत धरून ठेवते," त्या म्हणाल्या. "पण हिला एक खोड आहे. हवेंतली ओल पिते." आणि चेन्नईत ओलीला काय तोटा! इथे गीझर लागतो तो दिवाळी ते पोंगल, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, फार तर पुढे थोडा. बाकीचे महिने तो भिंतीवर नुसता टांगलेला असतो आणि आतली पूड हळूहळू ओल पीत असते. मग एके दिवशी बटण दाबलं की तारेतली वीज ओलसर पुडीतून नळीकडे आणि तिथून पाण्याकडे गळायला लागते. अर्थिंग नीट असेल तर जमिनीत जाते. नसेल तर नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. "आणि लोक काय म्हणतात? थोडें झिणझिणतें, सवय झाली. सवय!" हा शब्द उच्चारताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा. इतका राग मी कुणाला एका शब्दाचा आलेला पाहिला नाही.

मी एकदा विचारलं होतं, कारण सगळ्यांनाच तो संशय यायचा, की बाई, तुमच्या घरी कुणी शॉक लागून गेलं होतं का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोणी गेलें असतें तरच काळजी करायची? अय्यो सांगली, मग फार उशीर कीं."

त्यांचा सगळ्यात मोठा दिवस दिवाळीचा आदला. आपल्या अभ्यंगस्नानासारखंच इथे दिवाळीच्या पहाटे तेल लावून कढत पाण्यानं न्हातात, त्याला गंगास्नान म्हणतात. म्हणजे महिनोन्‌महिने झोपलेले सगळ्या शहराचे गीझर एकाच पहाटे जागे होणार, आणि तेही घरातली सगळी मंडळी ओल्या अंगानं न्हाणीघरात असताना! आदल्या दिवशी बाई एग्मोरच्या घरी फोनपाशी खुर्ची ओढून बसायच्या. नातेवाईक, जुने सहकारी, दाताचे डॉक्टर, दूधवाला, आमचे मॅनेजर, कुणी सुटायचं नाही. "आज गीझर लावून पाहा. न्हायला बसूं नको, चुम्मा लाव. तापूं दे, सुकूं दे." चुम्मा म्हणजे उगीच, सहज. आणि दिवाळीच्या सकाळी परत फोन. त्या दिवशी इथे जो तो दुसऱ्याला विचारतो, गंगास्नान झालं का? तो नुसता शिष्टाचार. झालं म्हणायचं आणि लाडू तोंडात टाकायचा. बाईंच्या फोनवर मात्र पुढचा प्रश्न यायचा, "नळाला मुंग्या येतात कां?" याचं उत्तर मिळेपर्यंत त्या फोन ठेवायच्या नाहीत. लोक हसायचे, वैतागायचे, पण जाऊन नळाला हात लावून यायचे.

त्रासदायक होत्या हो. उगीच कशाला गोड करून सांगू? आमच्या इराचं बारसं पेरुंगुडीच्या फ्लॅटवर झालं, तेव्हा बाई चांदीची वाटी आणि टेस्टर घेऊन आल्या. वाटी मुग्धाच्या हातात दिली आणि नाहीशा झाल्या. पाळणा म्हणायची वेळ आली तरी पत्ता नाही. शेवटी बाथरूममध्ये सापडल्या, स्टुलावर उभ्या, पदर खोचलेला, आमच्या गीझरचं झाकण उघडलेलं, आणि दाराबाहेर पाहुण्यांची रांग! मुग्धाचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दिवशी त्यांनी आमच्या गीझरला स्वतः बनवलेलं एक सर्किट जोडून टाकलं, वर एक पिवळा दिवा आणि गळतीचा आकडा दाखवणारी छोटी खिडकी. "बाळ आलें घरांत," एवढंच कारण सांगितलं आणि मग पाळणा म्हणायला आल्या. गळा चांगला होता त्यांचा.

आता ती अर्धवट गोष्ट. दर दिवाळीला आमच्याकडे तक्रारींचा पाऊस पडतो. ओलसर कॉइल चालू झाली, गळती दिसली, आमच्या सर्किटनं वीज तोडली, आणि माणूस अंगाला तेल लावून थंड पाण्यासमोर उभा. तो इलेक्ट्रिशियनला बोलावतो, इलेक्ट्रिशियन आमचं सर्किट उपटतो आणि वायर थेट जोडून देतो. मग मॅनेजरांनी उपाय काढला, की गीझर चालू झाल्यावर पहिली पाच मिनिटं सर्किटनं गळतीकडे दुर्लक्ष करायचं. तेवढ्यात कॉइल आपोआप सुकायला लागेल. यात काही वेडेपणा नव्हता. पाच मिनिटं झोपणारा पहारेकरी हाकलून दिलेल्या पहारेकऱ्यापेक्षा बरा, असं मलाही वाटत होतं आणि मी ते बाईंना सांगितलंही होतं.

बाईंचं म्हणणं वेगळं होतं. ओल असेल तर गळती उतरते. कॉइलला चीर गेली असेल तर उतरत नाही, चढते. नुसत्या एका आकड्यावरून हे कळत नाही, बघत बसलं की कळतं. म्हणून सर्किटनं आधी अर्थिंग तपासावं, मग कॉइलला अगदी मंद आच द्यावी, डोळा न हलवता आकडा बघत राहावं, आणि तो उतरेपर्यंत पिवळा दिवा लावून ठेवावा, म्हणजे अजून न्हायला बसू नका. उतरला नाही तर वीज बंद. यात अडचण एकच, याला बराच वेळ लागतो, कधी अर्धा तास. हे भांडण तमिळमध्ये चालायचं. मॅनेजर म्हणायचे, "दिवाळीच्या पहाटे अर्धा तास? मॅडम, लोक तुमच्यासारखे बघत बसत नाहीत." त्यावर बाई म्हणाल्या, "मग सर्किटला बसू दे. त्याला कुठे सण आहे?" आणि माझ्याकडे वळून मराठीत, दमलेल्या आवाजात, "त्याच पांच मिनिटांत लेंकरूं पाण्याखालीं असेल रे."

इथला पावसाळा दिवाळीच्या सुमारास लागतो, तो सगळा त्या चाचण्या घेणार होत्या. चाचण्या राहूनच गेल्या. पाच मिनिटांच्या सर्किटची फाइल आता सहीसाठी माझ्याकडे आली आहे, कारण बाईंच्या जागेवर तात्पुरता मी आहे. मॅनेजर वाईट माणूस नाहीत, बाईंना नेताना ते ढसाढसा रडले. पण पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "हे संपवून टाकू. मॅडमनाही शेवटी पटलंच असतं." ... नसतं पटलं! हे मी मोठ्यानं म्हणालो नाही. सही केली नाही आणि नाही म्हणूनही सांगितलं नाही. बाईंच्या बाजूनं उभं राहायला माझ्याजवळ काय होतं? त्यांचा हट्ट होता फक्त, आणि तो त्यांच्या तोंडी शोभायचा. फेऱ्या मारतो ते यासाठी.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ऑफिस अर्धं रिकामं झालं होतं आणि फोन वाजला. कमला अक्का. मला वाटलं काही हवं-नको असेल. "ह्या वर्षीं आम्हांला सण नाहीं," त्या म्हणाल्या, "पण तिचे फोन राहिले कीं. म्हणून तिच्या खुर्चीवर बसलें आहें. तूं गीझर लावलास कां?" याच अक्कांनी आयुष्यभर धाकट्या बहिणीच्या या वेडाची चेष्टा केलेली. "लावतो, अक्का," म्हणालो. "आतां घरीं जा आणि लाव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी गीझर लावला. पिवळा दिवा लागला. खिडकीतला आकडा इतका वर होता की मी स्टूल ओढून बाथरूमच्या दारातच बसलो. इरानं तिची लाल प्लास्टिकची खुर्ची आणून शेजारी मांडली आणि काय बघायचं आहे ते न विचारता बघत बसली. पाच मिनिटं झाली. आकडा जिथल्या तिथे. मी घड्याळ बघितलं, आकडा बघितला, इराकडे बघितलं. उद्या पहाटे हीच पोर याच मिनिटांत समोरच्या पाटावर तेल माखून बसणार होती, आणि मी ज्या कागदावर सही करायची की नाही याचा विचार करत होतो, त्यात या मिनिटांपुरतं कुणी बघणार नव्हतं. आतून मुग्धानं दोनदा विचारलं, "झालं का?" झालं नव्हतं. मग केव्हातरी आकडा हलला, थोडा उतरला, पुन्हा थोडा. ओल होती, चीर नव्हती. पण हे मला बसलो म्हणून कळलं. दिवा विझला तेव्हा इरानं टाळ्या वाजवल्या, आणि मला बाईंची इतकी आठवण आली की तोंड फिरवावं लागलं.

तिथेच स्टुलावर बसून मी मॅनेजरांना कळवलं की मी सही करणार नाही, मला मॅडमच्या चाचण्या पुऱ्या करायच्या आहेत. त्यांनी वाचलं. उत्तर आलं नाही, अजूनही आलेलं नाही, आणि ते काय करतील या विचारानं मी या क्षणीही खोलीभर फिरून येऊन पुढची ओळ लिहितो आहे.

दिवाळीच्या सकाळी इराला न्हाऊ घालून टॉवेलात गुंडाळलं तोच फोन वाजला. मी ओल्या हातानं उचलला.

"गंगास्नान झालें कां?" कमला अक्का.

"झालं, अक्का."

पलीकडे खुर्ची करकरली. मग घसा साफ करून, सवय नसलेला प्रश्न विचारावा तसं त्या म्हणाल्या, "आणि... नळाला मुंग्या?"

मी बाथरूममध्ये गेलो, नळावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"नाही येत, अक्का."

"सरी, बरें," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घरी फोन लावायला गेल्या.