गेनूची हजेरी

नमस्कार. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगून टाकते. दारात लिंबू-मिरची मी कधी बांधली नाही आणि अमावास्येला नवी भांडीसुद्धा आणली आहेत. नात मला तुमच्या ग्रुपवरचे अनुभव वाचून दाखवते आणि निम्म्यांना मी हसते... राग मानू नका. पण एक गोष्ट मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. मी सांगतेय, नात टाईप करतेय.

आज मी वाकडला चौदाव्या मजल्यावर राहते. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, माझं नवीन लग्न झालं तेव्हाची. चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या बाजूचं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण यातल्या लोकांची नातवंडं तिथेच आहेत. कंपन्या तेव्हा कुठल्या? कांदा, ज्वारी आणि धूळ. आमचे हे पोलीस शिपाई. रस्त्यालगत कौलारू चौकी, पुढे ओटा, मागे एक खोली, आणि त्या खोलीत आमचा संसार. चौकीवर यांच्या वरचा एकच माणूस, जमादार. मला वहिनी म्हणायचा, माझ्या हातचं पिठलं मागून खायचा आणि माणसांना पट्ट्याने फोडायचा.

गावाबाहेर भटक्या लोकांची काही पालं होती. गोऱ्या सरकारने त्या लोकांच्या अख्ख्या जमातीवर चोराचा शिक्का मारलेला. पुरुषांनी रोज दिवेलागणीला चौकीपुढे येऊन हजेरी द्यायची, असा कायदा होता. आपल्या सरकारने तो रद्द केला, पण जमादाराने ते पालावर कोणाला कळूच दिलं नाही. कंटाळून बाकीचे पालं उठवून गेले. गेनू राहिला, कारण त्याची बायको भागू पोटुशी होती. रोज तो अनवाणी यायचा, ओट्याखाली हात जोडून उभा राहायचा आणि म्हणायचा, "गेनू हजर हाय, सायेब."

एका संध्याकाळी तो आला नाही. भागू अडली होती. पोर झालं ते मेलेलंच. आणि नेमकी त्याच रात्री एका बागायतदाराच्या वखारीतून कांद्याची पोती गेली. सकाळी गेनू आपल्या पायांनी चौकीवर आला — काल का आलो नाही, ते सांगायला!

"पोरगं पुरत हुतो, सायेब," तो म्हणाला.

"पोरगं पुरलंस का पोती पुरलीस?" जमादार म्हणाला आणि त्याने पट्टा काढला.

चाकणचा बाजार होता, गाव ओस पडलेलं. यांनी गेनूचे हात धरले होते. नंतर हे कितीही नाही म्हणोत, मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे. दुपारी आवाज थांबला आणि यांनी मला पाणी घेऊन बोलावलं. मी गेनूच्या तोंडाला तांब्या लावला. पाणी गालावरून खाली गेलं. नाकापुढे हात धरला, छातीला कान लावला... काही नाही. माणूस मेला होता, यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. भर उन्हात त्याला कडब्याखाली घालून बैलगाडीने नदीकडे नेलं. संशयित चौकशीतून पळाला, असा रिपोर्ट गेला. कांदे पुढे बागायतदाराच्या मेव्हण्याकडेच सापडले आणि ते घरातल्या घरात मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चुलीपाशी होते. जमादार ओट्यावर चहा पीत होता. अजून चांगला उजेड होता.

"गेनू हजर हाय, सायेब."

मी धावत बाहेर आले. समोरचं अंगण रिकामं. जमादाराच्या हातातली बशी फुटून पडलेली, हे भिंतीला टेकून उभे, पांढरेफटक. तिसऱ्या दिवशी परत तेच. मग रोज. रानातून घरी जाणारी माणसं थबकायची, ऐकायची आणि मान खाली घालून निघून जायची. जमादाराला ताप भरला. देवऋषी आणून झाला, नारळ फोडून झाले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता भोग मेल्या.

इकडे भागू ओल्या अंगाची बाळंतीण. तशीच चालत तालुक्याला गेली आणि तिचा अर्ज घेईपर्यंत कचेरीच्या दारातून उठली नाही. माझ्या नवऱ्याला चौकीत मारून टाकलं, एवढंच तिचं म्हणणं. आणि खरंच, पुण्याहून जीपमधून एक मोठे साहेब चौकशीला आले. माणूस चांगला होता. प्रत्येकाचं ऐकून घेत होता. मलाही विचारलं. हे समोर उभे होते, डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते.

मी म्हटलं, "साहेब, मी त्याच्या तोंडात पाणी घातलंय. तो तेव्हाच मेला होता."

जमादाराची बोबडी वळली. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता याच्या हातात बेड्या पडतात. शेजारी बसलेल्या भागूने माझा हात घट्ट धरला. एवढ्यात दिवेलागण झाली.

"गेनू हजर हाय, सायेब."

साहेब ताडकन उठले. "कोण आहे तो?"

आणि मग जमादाराच्या तोंडावर रंग परत आलेला मी पाहिला. एवढे दिवस ज्या आवाजाने त्याचं पाणी पाणी झालं होतं, त्याचा उपयोग त्याला त्या क्षणी कळला.

"हाच तो गेनू, साहेब," तो म्हणाला. "पिकात लपतो, हाक देतो आणि पळतो. रोजचंच आहे. गावाला विचारा की."

साहेबांनी गावाला विचारलं. पुण्याच्या साहेबापुढे भूत म्हणायची छाती कोणाची? "व्हय सायेब, गेनूचाच आवाज. रोज ऐकतो आमी," म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

शिपाई पिकात पळाले आणि हात हलवत परत आले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेसुद्धा नाहीत.

"बाई, मेलेला माणूस हजेरी देतो का?"

शिकलेला माणूस, भुतांवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. अर्ज खोटा ठरला, जीप गेली, आणि यांनी मला खोलीत नेऊन मारलं.

जमादाराने भागूला हुकूम सोडला — नवरा समोर येत नाही तोवर हजेरी तू द्यायची. पहिल्या संध्याकाळी ती ओट्याखाली उभी राहिली. मी दारात होते. आवाज आला, तिच्या अगदी शेजारून. ती त्या रिकाम्या जागेकडे वळली.

"अवं, मी हाय न्हवं, भागू," ती म्हणाली. "माझ्याशी बोला की."

"गेनू हजर हाय, सायेब."

बायको हातभर अंतरावर रडतेय आणि तो जमादाराला उत्तर देतोय.

भागूने ओट्यावर डोकं टेकलं. "सायेब, एकडाव त्यास्नी जा म्हना. तुमी सोडल्याबिगर त्ये जायाचे न्हाईत. पाया पडते."

जमादाराने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"राहू दे की," तो म्हणाला. "कामाचा माणूस आहे."

नात म्हणते, कोणीतरी नक्कल करत असेल. कोण करेल, आणि तिच्या हातभर अंतरावर उभं राहून? मला कळलेलं नाही. वर्षभरात आमची बदली झाली. संध्याकाळच्या एसटीच्या खिडकीतून मी मागे पाहिलं, तर भागू चौकीपुढे उभी होती, कपाळावर कुंकू. जमादार तिला ते पुसू देत नव्हता. नवरा हजर होता ना तिचा.