आत्सी तिवाच्या घरातली राख

तीनचाकीवाल्यांनी गावभर करून ठेवलं होतं की आत्सी तिवाच्या घरी मारियामातेच्या पायांतून पवित्र भुकटी झरते आणि म्हातारी तिच्या पुड्या बांधून आजाऱ्यांना देते. माझ्या दुकानात दोघीतिघी रिकामी बाटली घेऊन आल्या. "पेलिंग, तुझी शेजारीण ना ती, थोडी मिळवून दे." मी म्हटलं, देते की, पण आधी माझे गुडघे बरे होऊ देत, मग तुमचा नंबर.

खरं एवढंच होतं की घरात भुकटी पडत होती. आत्सी तिवा ती रोज सकाळी सुपलीत भरायची आणि परसातल्या केळीच्या बुंध्याशी फेकायची. कुणी विचारलंच तर मान वर करून छत दाखवायची. "पिनातुबोची राख. अजून पडतेय."

आम्हा पाम्पांगा प्रांतातल्या माणसांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. तो ज्वालामुखी डोंगर फुटल्याला वीसेक वर्षं झाली, तरी जुन्या घराचा एक खिळा उपटला की मूठभर राख अंगावर येते. आमच्याकडे भात करपला तरी राखेमुळे आणि जावई दारू प्यायला तरी राखेमुळे. तेव्हा आत्सी तिवाचं म्हणणं कुणी खोडलं नाही. मी तर नाहीच. मी तिला विचारायचे, "आत्सी, डोंगर सगळा तुमच्याच माळ्यावर राहायला आला काय हो?" ती म्हणायची, "भाडं तरी देतो. तू उधारीची चिंता कर."

प्रिमितिवा तिचं पूर्ण नाव, आत्सी म्हणजे आमच्याकडे ताई. लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, तिथून सुटल्यावर घरात एकटी. एरवी तिला कोण विचारणार? पण गुड फ्रायडेच्या संध्याकाळी नगराध्यक्षांची बायकोसुद्धा तिच्यासाठी बाजूला सरायची. कारण मिरवणुकीत शेवटच्या रथावर असायची ती दुःखी मारियामातेची लाकडी मूर्ती तिच्या घरची, पणजीपासूनची. रथामागे काळा बुरखा घेऊन पहिलं पाऊल टाकायचा मान घरच्या बाईचा. वर्षातली तेवढी एक संध्याकाळ आत्सी तिवाची. बाकीचं वर्ष ती त्या संध्याकाळसाठीच जगायची, हे मी थट्टेत म्हणत नाही.

या मातेचा चेहरा आणि दोन हात तेवढे कोरीव. खाली झग्याच्या आत नुसता लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. तो परक्यानं बघायचा नाही. उपासाच्या दिवसांत घरच्या बाया दार लावून घेतात, जुना झगा उतरवतात, अंग पुसतात, नवा चढवतात. पूर्वी चार बहिणी होत्या तेव्हा त्या बंद दारातून इतका खिदळण्याचा आवाज यायचा की माझी आई म्हणायची, ह्या मातेला सजवतायत की गुदगुल्या करतायत. मग दोघी वारल्या, एक अमेरिकेला लेकाकडे गेली. दार तसंच बंद होत राहिलं, आतला आवाज तेवढा थांबला.

त्या वर्षी भुकटी फारच वाढली. सौदीहून भाचा आला होता, इसागानी. त्यानं माणसं लावून माळ्याच्या फळ्या काढवल्या. आणि खरंच, पोतीच्या पोती राख निघाली. आत्सी अंगणात कमरेवर हात ठेवून उभी. तोऱ्यात म्हणाली, "बघितलंस? मी सांगत नव्हते?" इसागानी छत बंद करून परत गेला. घर आठवडाभर लख्ख राहिलं. मग पुन्हा भुकटी. तीही मातेच्या खोलीतच, ती ठेवलेल्या कपाटाच्या पायाशी. आत्सीनं कामगारांना शिव्या घातल्या, म्हणे कोपरे सोडून गेले मेले.

पाम संडेच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी मी तिच्याकडे सुके मासे घेऊन गेले. ती त्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून भुकटी सुपलीत भरत होती. मला चाळे सुचले. सुपलीतली चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. "बघू तरी, मीठ बरोबर पडलंय का."

आता आमच्याकडे डोंगर फुटला त्या वर्षी जो माणूस जेवला त्याला राख दातानं कळते. कित्येक महिने आम्ही भाताबरोबर तीच खाल्ली. कितीही बारीक असली तरी कचकचते. ही कचकचली नाही. तांदळाच्या पिठासारखी विरघळली, आणि तोंडाला जुन्या पेटीचा वास आला. माझं हसू तोंडातच राहिलं.

"आत्सी, ही राख नाही."

"तुला काय कळतं? तुझ्या दुकानातल्या शिरक्यात पाणी असतं ते तुला कळत नाही."

"लाकूड आहे हे. भुंगा लागलाय."

या वेळी तिनं छताकडे बघितलं नाही. कपाटाकडे बघितलं. मग उठली आणि मला म्हणाली, चल आत. मी म्हटलं, मी कशी येऊ, मी घरची नाही. ती म्हणाली, "घरचं आता कोण उरलंय?" आणि माझ्यामागे कडी लावली.

नवा झगा उतरवला तर खाली गेल्या वर्षीचा. त्याखाली त्याच्या आधीचा. त्याखाली आणखी एक, आणखी एक. मी तिच्याकडे बघितलं. ती नाडीच्या गाठी सोडत खाली मान घालून सांगत होती की खांद्याच्या वर हात जात नाही, एकीनं धरायचं आणि दुसरीनं ओढायचं असं हे काम, बाहेरची बाई बोलावता येत नाही. म्हणून दर वर्षी नवा झगा वरूनच चढवला. माता जाडसर दिसायला लागली तेव्हा फादर म्हणाले होते, यंदा माता प्रसन्न दिसते. एरवी मी यावर महिनाभर हसले असते.

सगळ्यात खालचा झगा निघाला आणि फाटक्या पोत्यातून पीठ सांडावं तसं सगळं खाली आलं. पट्ट्या बिस्किटासारख्या मोडल्या. मी घाईनं डोकं सावरलं तर कानामागे माझा अंगठा आत गेला. पुढून तोच चेहरा, तेच काचेचे डोळे, गालावरचा तोच थेंब. मागे लाकूड उरलंच नव्हतं, नुसता रंग होता.

मूर्तिकारानं पाहिलं आणि म्हणाला, दुरुस्त करायला लाकूड तर हवं. फादर म्हणाले, पहिल्या खड्ड्याला रस्त्यात पडेल. गावातल्या डॉक्टरांनी लगोलग फायबरची माता आणवली. जुन्या फोटोवरून तिचा चेहरा हुबेहूब आमच्या मातेसारखा केला. रथामागचं पहिलं पाऊल अर्थात डॉक्टरीणबाईंचं. आत्सी तिवानं दुसऱ्या रांगेत चालावं, असं फादरनी फार गोड शब्दांत सांगून पाहिलं. ती "बरं" म्हणाली आणि गेली नाही.

गुड फ्रायडेला प्रत्येक खिडकीत मेणबत्त्या होत्या, तिची तेवढी बंद. ढोल जवळ यायला लागले तशी मी दुकान सोडून तिच्या जिन्यानं वर गेले. मातेला तिनं स्वतःच्या पलंगावर निजवलं होतं, अंगावर चादर. चादरीवर भुकटी होती आणि आत्सी ती झाडत नव्हती. शेजारी खुर्चीत काळा बुरखा मांडीवर घेऊन बसली होती.

मी म्हटलं, "आत्सी, चला खिडकीत. नवीन बाई आलीये, दोघी मिळून नावं ठेवू या." ती हसली नाही. रथ खिडकीखाली आला, फटीतून उजेड आत आला. मी म्हटलं, एकदा बघून तरी घ्या, चेहरा अगदी आपल्या मातेचाच आहे.

ती म्हणाली, "चेहरा मीही रोज बघत होते, पेलिंग. चेहऱ्याला कुठे काय झालं होतं?"